सावित्रीकाठची शेगडी

महाडला डिसेंबरातदेखील पंखा लावून झोपणारी माणसे आहेत. अशा गावात मोटारीच्या हीटरचे सुटे भाग शोधत मी चार दिवस हिंडलो, हे कळले तर माझे विद्यार्थी मला आपण होऊन विश्रांती घ्यायला सांगतील. पण हिंडलो खरा. पहिल्या दुकानदाराने माझ्यापुढे डिझेल टेम्पोचा हीटर प्लग ठेवला. दुसऱ्याला मी भाबडेपणाने 'गॅस हीटर' म्हणालो, तर त्याने समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे बोट केले. तिथे न्हाणीघरातले गॅस गीझर मिळतात. तिसरा जरा विचारी होता. त्याने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे आणि माझ्या हातातल्या गंजक्या डब्याकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "सर, आपण कुठले?"

"पुण्याचा."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

या प्रकरणाचे मूळ माझे मामा. मामांनी महाडच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली केली. आता वय एक्याऐंशी. त्यांची मोटार १९६७ सालची फोक्सवॅगन. आपण जिला बीटल म्हणतो ती, पाठीला पोक असलेली. आमच्या घरात तिला कासव म्हणतात. १९७९ साली मुंबईहून कायमचा मायदेशी निघालेल्या एका परदेशी गृहस्थाकडून मामांनी ती घेतली. तिचे इंजिन मागे, सामानाची डिकी पुढे आणि रेडिएटर मुळातच नाही; इंजिन वाऱ्यावर थंड होते. आंबेनळीच्या घाटात फियाटी आणि अँबॅसडर बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असत, तेव्हा मामा त्यांच्या शेजारून कासव दामटत आणि काचेतून डोके काढून म्हणत, "पाणीच नाही, तर उकळणार काय?" असल्या मोटारी जगात दोन कोटी पंधरा लाखांवर निघाल्या, आणि शेवटची मेक्सिकोत ३० जुलै २००३ रोजी कारखान्याबाहेर पडली. ही माहिती मामा नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत देतात.

या मोटारीत ऊब मिळायच्या दोन सोयी असत. पहिली कारखान्याचीच. इंजिनाच्या धुराच्या नळ्यांभोवती पत्र्याची पेटी, तिच्यातून खेळवलेला वारा गरम होऊन माणसांच्या पायाशी येणार. आमच्या कासवाच्या त्या पेट्या कधीच गंजल्या होत्या आणि कुणा व्यवहारी कारागिराने त्या काढून साध्या नळ्या बसवल्या होत्या. कोकणात कोण मागतो ऊब! दुसरी सोय मात्र खास, जास्तीचे पैसे मोजून घेतलेली. पुढच्या डिकीत पेट्रोलच्या टाकीच्या शेजारी एक स्वतंत्र शेगडी. इंजिन चालू असो वा नसो, ही आपली पेट्रोल पिऊन पेटते. श्टुटगार्टजवळच्या एसलिंगेन गावच्या एबरश्पेखर कारखान्याची. इंग्रजी पुस्तकांत तिला गॅस हीटर म्हणतात, कारण अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात. एवढ्या एका शब्दापायी मी महाडच्या बाजारात हास्यास्पद ठरलो.

या शेगडीचा वर्षातून एकदाच उपयोग होई. मामा-मामींचे लग्न डिसेंबरातले. त्या तारखेला पहाटे चारला महाडहून निघायचे, पोलादपूरला चहा घ्यायचा, घाट चढून उजाडता उजाडता महाबळेश्वरला वेण्णा तळ्याच्या काठी पोचायचे आणि कधी गवतावर दवाचे हिमकण झालेले दिसले तर ते मामींना दाखवायचे. महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. मामींना संधिवात. तेव्हा घाटाच्या वरच्या टप्प्यात मामा डॅशबोर्डखालची एक मूठ ओढत. पुढून घुंऽऽ असा आवाज येई आणि थोड्या वेळाने पायाशी ऊब. ही मूठ ओढताना मामांच्या चेहऱ्यावर जो भाव असे तो मी लहानपणी मागच्या सीटवरून, आरशात पाहिला आहे. कोर्टात निकाल बाजूने लागल्यावर बहुधा तसाच दिसत असावा.

२२ जुलै २०२१ ला हे सगळे बुडाले. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला आणि घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते. तिथे तिला गांधारी मिळते. त्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याचे काय झाले ते महाडकरांना विचारा. बाजारपेठ बुडाली, घरांचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी घरे गाडली. त्यापुढे एका मोटारीचे दुःख सांगायला जीभ रेटत नाही, आणि मामाही ते कधी सांगत नाहीत. एवढेच सांगतात की ही मोटार बुडाली नाही, तरंगली. तिचे पोट सपाट आणि बंद असल्यामुळे ती काही वेळ पाण्यावर राहते. माडीच्या खिडकीतून मामा-मामी पाहत होते. कासव अंगणात हळूहळू वर आले, एक गिरकी घेतली, तोंड फिरवले आणि मग शांतपणे खाली गेले. तिसऱ्या दिवशी चिखलातून निघाले तेव्हा त्याचे तोंड महाबळेश्वरच्या दिशेला होते, असे मामी म्हणतात. मामींच्या या दिशेविषयी मी साशंक आहे.

इंजिन पोलादपूरच्या मिस्त्रींनी वर्षभरात उभे केले. शेगडी राहिली. ती कुणालाच कळत नव्हती आणि तिच्यावाचून अडतही नव्हते. पण २०२४ च्या दिवाळीत मामांचा फोन आला. "या डिसेंबरला हिला वर न्यायचं आहे. पुरापासून ती मोटारीत बसली नाही. थंडीचं निमित्त सांगते. शेगडी पेटली पाहिजे. पुस्तक जर्मन आहे. तू एम. ए. ना?"

"मामा, मराठीचा."

"भाषेचाच ना?"

वकिलाशी वाद घालू नये. मी शब्दकोश घेऊन बसलो. छत्तीस पानी पुस्तिका, पुराच्या गाळाने कडा तपकिरी झालेली. दासबोधाच्या पोथ्या वाचून सवय असलेल्या माणसाला त्यात नवे काही नव्हते. पान चिकटलेले असले तर फुंकर घालून सोडवायचे, एवढे तंत्र मला येते. (ज्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असे परंपरा मानते, तीही महाड तालुक्यातच आहे. दमटपणा त्याही पोथीच्या वाट्याला आलाच असणार.) त्या पुस्तिकेत एक शब्द पानोपानी भेटे, 'व्हेर्मेटाउशर'. शब्दकोशात पाहिले, तर टाउशर हा शब्द ज्या क्रियापदावरून येतो त्याचा अर्थ अदलाबदल करणे. पण त्याच स्वरावर दोन टिंबे दिली की उच्चार 'टॉइशेन' होतो आणि अर्थ होतो फसवणे. गाळाच्या डागांमुळे टिंबे कोणती आणि चिखल कोणता हे ओळखू येईना. दोन दिवस मी त्या भागाला वहीत 'उष्णतेचा फसव्या' असे लिहीत होतो. मग चूक सुधारली आणि 'अदलाबदलीचे भांडे' असे लिहिले.

या शेगडीची रचना समजून घेतली तर फार सोपी आहे. तिच्यात दोन वारे असतात. पहिला वारा आगीचा. एक छोटा पंप टिक्‌टिक् करत पेट्रोलचे मोजके थेंब आत सोडतो, एक प्लग तापून लाल होतो, पंख्याने आत घेतलेल्या हवेत ते पेट्रोल मिसळून पेटते, आणि त्याचा धूर एका नळीने मोटारीच्या पोटाखाली बाहेर जातो. दुसरा वारा माणसांचा. तोही पंख्यानेच ढकललेला. तो त्या तापलेल्या भांड्याच्या बाहेरून वाहत येतो, गरम होतो आणि गाडीत शिरतो. हे दोन वारे एकमेकांना कधीही भेटता कामा नयेत. त्यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तोच तो टाउशर.

प्लग महाडात मिळणे शक्य नव्हते हे मला पहिल्या तासातच कळले. टेम्पोचा हीटर प्लग दिसायला भाऊ, पण आटे वेगळे आणि लांबी वेगळी. माझा एक जुना विद्यार्थी श्टुटगार्टला नोकरी करतो, बी. ए. ला माझ्याकडे मराठी घेऊन पुढे संगणकात गेलेला, तेव्हा माझ्या अध्यापनाचे यश यात कुणी शोधू नये. त्याला लिहिले. त्याने रविवारच्या जुन्या मोटारींच्या बाजारात जाऊन डब्यात बंद असलेला, कधी न वापरलेला प्लग मिळवला आणि दिवाळीनंतर घरी येणाऱ्या एका बाईंच्या सामानात, चकल्यांचा रिकामा डबा परत जात होता त्यात घालून पाठवला. त्या डब्याला आणि प्लगला दोघांनाही भाजणीचा वास येत होता.

बाकीचे मात्र गावात मिळाले, आणि ही गोष्ट मला फार आवडली. पंख्याच्या मोटरचे कार्बन झिजून गेले होते. एका दुकानात वायपरच्या मोटरचे कार्बन मिळाले, ते पॉलिशपेपरवर घासून बसले. फ्यूज मिळाले. पेट्रोलची रबरी नळी मिळाली. पेट्रोल ज्या बारीक भोकातून आत पडते ते गाळाने बुजले होते, आणि तिथे तार जात नव्हती. मी लोखंडी सामानाच्या एका जुन्या दुकानात उभा राहून हाताने दाखवत होतो, तर आतल्या बाजूला बसलेले आजोबा म्हणाले, "स्टोची पिन पाहिजे का?" खणाच्या तळातून त्यांनी पत्र्याच्या पट्टीत खोचलेल्या पिना काढल्या. स्टो घराघरांतून गेले, पण पिना राहिल्या होत्या. पूर आला तेव्हा तो खण वरच्या फळीवर होता म्हणे. पैसे घेईनात. मी स्टोचा वास, त्याचा फर्रऽऽ आवाज आणि पिन करताना आईने धरलेला श्वास आठवत दुकानाबाहेर आलो.

परतताना मी चवदार तळ्यावरून आलो. महाडला गेलो की ही वाट मी चुकवत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतले. सगळे जग ज्या पाण्यावर जगते ते पिण्यासाठी माणसांना मोर्चा काढावा लागला, आणि त्याच गावात मी माणसांना ऊब देण्याच्या यंत्राची पिन घेऊन हिंडतो आहे. आपल्या उद्योगांचे वजन अशा जागी बरोबर कळते. तिथे दहा मिनिटे बसलो आणि घरी गेलो.

पोलादपूर महाडहून वीस किलोमीटरच्या आत. कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे. ज्याने शिवचरित्र संस्कृतात गायले तो कवी या नाक्याच्या गावात विसावला आहे, हे नाक्यावर वडापाव खाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. इथून रस्ता फुटतो. सरळ गेले तर कशेडी ओलांडून खेडकडे, डावीकडे गेले तर आंबेनळी चढून प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर. दोन घाटांच्या तोंडाशी असलेल्या गावात गॅरेज चालणारच. मिस्त्री म्हणतात तसे, चढणारा इथे ब्रेक दाखवतो आणि उतरलेला इथे क्लच दाखवतो. मात्र कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून घाटात धापा टाकणाऱ्या गाड्या कमी झाल्या. "बोगद्यानं माणसांचा वेळ वाचवला," मिस्त्री म्हणाले, "आणि माझा वाढवला. म्हणून तुमचं काम घेतलं."

मिस्त्री साठीचे. एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. बोलणे कमी आणि हात स्वच्छ. त्या धंद्यात हे दोन्ही दुर्मिळ. मी त्यांना पुस्तिकेतला उतारा वाचून दाखवायचा, त्यांनी डोळे मिटून ऐकायचे, आणि मग हातातल्या वस्तूकडे पाहून "हां, म्हणजे हे" म्हणायचे. भाषांतर त्यांनी केले, मी फक्त शब्द पुरवले. त्यांनी शेगडी मोटारीतून काढून बाकड्यावर मांडली. गाळ धुतला. पंखा फिरवला, तो आधी कुरकुरला, मग फिरला. प्लगला बॅटरीची तार लावली. क्षणभर काही नाही, मग टोकाला लाल ठिपका. मामा खुर्ची ओढून बसले होते ते उठून उभे राहिले.

पेट्रोलची बाटली सलाईनसारखी खिळ्याला टांगली. पंप टिक्‌टिक् करू लागला. मिस्त्रींनी आम्हा दोघांना दहा पावले मागे पाठवले, शेजारी वाळूची बादली ठेवली आणि बटण दाबले. घुंऽऽ. आधी धूर आला, पांढरा आणि डोळे चुरचुरवणारा. मग आत कुठेतरी 'फुप्' असे झाले, धूर विरळ झाला आणि आवाज बदलला. मी पुढे होऊन वाऱ्याच्या तोंडाशी हात धरला. ऊन वारा! सत्तावन्न वर्षांचे यंत्र, त्यात तीन वर्षांपूर्वी पुरात बुडालेले, एसलिंगेनचे भांडे, पुन्हा पेटले होते. आणि त्यात महाडची पिन होती. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. आम्ही चहा मागवला. नाक्यावरचे चार लोक जमले. डिसेंबरच्या दुपारी, बत्तीस अंश उकाड्यात, सात माणसे आळीपाळीने एका शेगडीपुढे हात शेकत उभी होती.

फक्त मिस्त्री शेकत नव्हते. चहा संपल्यावर त्यांनी शेगडी थंड होऊ दिली, भांडे सोडवले, त्याच्या एका तोंडाला लाकडी गुडदी मारली, दुसऱ्या तोंडाला रबरी नळी आवळली आणि ते पंक्चर काढायच्या टाकीत बुडवले.

"आता हे कशाला?" मामा म्हणाले. "पेटली ना!"

"पेटली," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पंपाने हवा सोडली.

सायकलच्या ट्यूबमधून येतात तसे बुडबुडे आले. आधी एका जागेवरून, सुईच्या टोकाएवढे. मग सांध्याच्या कडेने एक रांग. मिस्त्रींनी भांडे फिरवले; खालच्या अंगाला, जिथे आपल्याला दिसले नसते तिथे, तिसरी जागा होती आणि तिथून बुडबुडे येत नव्हते, पाणी उकळल्यासारखे होत होते. कुणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी भांडे वर काढले आणि अंगठ्याने ती जागा दाबली. पत्रा पापडासारखा आत गेला.

त्या भांड्यातून जो धूर जातो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू धरून ठेवायचा त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. बंद काचांच्या मोटारीत त्याच गुंगीत माणूस राहतो. हे मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला त्याच संध्याकाळी फोन करून विचारले. पण मिस्त्रींना ते विचारावे लागले नाही. एस. टी. च्या गॅरेजात, दार लावून इंजिन चालू ठेवू नका, हे त्यांनी पहिल्या वर्षी शिकले होते.

मामांनी युक्तिवाद सुरू केला. आधी वेल्डिंग. मिस्त्री म्हणाले, इतक्या पातळ गंजक्या पत्र्याला ज्योत लावली की भोक बुजत नाही, रुंद होते. आणि आज बुजलेले दिसले तरी तापून थंड होऊन पुन्हा कधी फाटेल ते सांगता येणार नाही. मग नवे भांडे. मी श्टुटगार्टला निरोप टाकला. रात्री उत्तर आले ते असे, की मिळतात ती मोटारीइतकीच जुनी. आणि इकडे कायदाच आहे की या जातीच्या शेगडीचे भांडे दर दहा वर्षांनी बदलावे लागते, बदलले नसेल तर गाडीला तपासणीत पास करत नाहीत. सर, तुमचे कधी बदलले होते? मी हा निरोप मामांना वाचून दाखवला नाही. फक्त 'मिळत नाही' एवढे सांगितले. आता इथे लिहितो आहे, ते वाचतीलच.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. पन्नास वर्षांपुढच्या मोटारींना केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी दिली, आणि तिच्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. तेव्हा शेगडी काढून टाकणे मला परवडणार नाही, असे मामा म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. "काढत नाही, अण्णा. होती तिथंच बसवतो. पेट्रोलची नळी टाकीपाशीच बंद करतो, प्लगची तार काढतो. पंखा तेवढा ठेवतो." थोडे थांबून म्हणाले, "मूठ ओढलीत तर आवाज येईल."

परतीच्या वाटेवर मामा बोलले नाहीत. उजव्या हाताला सावित्री होती, डिसेंबरातली, दगडांतून वाट काढणारी, जणू तिने कधी कुणाचे काही नेले नाही. महाड जवळ आल्यावर त्यांनी विचारले, "ती भोकं पुरानं पडली असतील का रे?"

मी म्हणालो, असतील.

मिस्त्रींना मी हेच आधी एकटे गाठून विचारले होते. ते म्हणाले होते, "गाळाचा गंज तांबडा असतो. हा आतून काळा आहे. पण मी पैज लावणार नाही."

रात्री जेवताना मामी वाढत होत्या. आंबोळ्या होत्या. मामांनी ताटाकडे बघतच विचारले, "महाबळेश्वरला पोचलो की तुझं डोकं दुखायचं, नाही?"

"दरवर्षीच. घाटाची वळणं सोसत नाहीत मला."

"उतरताना?"

मामी थांबल्या. "उतरताना नसायचं दुखत. उतरताना तुम्ही ती शेगडी बंद करायचात ना, मग मला काच उघडू द्यायचात." आणि मग, बायका जशी एखादी जुनी हकीकत सहज पुरी करतात तशी, त्यांनी ती पुरी केली: "एकदा मी वर चढताना तिकोनी काच उघडली, तर तुम्ही केवढे रागावलात. म्हणालात, एवढ्या खटपटीनं ऊब करतो आणि तू ती बाहेर घालवतेस."

मामांनी आंबोळीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. मी पाणी आणायला उठलो. परत आलो तेव्हा मामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि मामा म्हणत होते, "वळणांनी नव्हतं ते." मामींना सगळे सांगून झालेले दिसले. त्या एवढेच म्हणाल्या, "आंबोळी निवते आहे."

दुसऱ्या दिवशी मामी मोटारीत बसतील असे मला वाटले नव्हते. त्या पहाटे साडेतीनलाच तयार होत्या. कानाला मफलर, गुडघ्यांवर घोंगडी, घोंगडीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी आणि पायाशी चहाचा थर्मास. पोलादपूरला मिस्त्रींचे गॅरेज बंद होते, पण दाराशी दिवा होता. आम्ही डावीकडे वळलो. आंबेनळीचा रस्ता अंधारातच चढावा. खालची दरी दिसत नाही म्हणून नव्हे, तर वर येणाऱ्या गाडीचे दिवे वळणापलीकडून आधी कळतात म्हणून. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसे घेऊन महाबळेश्वरला निघालेली बस २८ जुलै २०१८ ला याच घाटात दरीत गेली. त्या जागेवरून जाताना मामा हॉर्न वाजवत नाहीत, वेग कमी करतात आणि दिवा एकदा मिटून पुन्हा लावतात. का ते मी विचारले नाही. २०२१ च्या पावसाने तुटलेला रस्ता पुन्हा बांधलेला आहे. नवा कठडा अंधारात पांढरा दिसतो. मागे इंजिन चांगले खणखणीत चालले होते. मागच्या सीटवर बसणाऱ्याला कासवाचे सगळे बोलणे ऐकू येते.

कुंभरोशी मागे पडली. प्रतापगडाचा डोंगर आभाळाहून काळा दिसू लागला आणि गारवा आत शिरला. गार म्हणजे पुणेकरालाही खांदे वर ओढायला लावणारा. मामांचा हात सवयीने डॅशबोर्डखाली गेला. मूठ ओढली गेली.

घुंऽऽ.

क्षणभर तिघेही त्या आवाजाकडे ऐकत राहिलो. पायाशी वारा आला, बर्फासारखा थंड. मामांचा हात मुठीवरच होता, आत ढकलावा की ठेवावा हे त्यांना ठरवता येत नव्हते. तेवढ्यात मामींनी उजवा हात घोंगडीतून काढला आणि आपल्या बाजूच्या तिकोनी काचेची कडी फिरवली.

"अगं, आता त्यातनं काही येत नाही," मामा म्हणाले. "नळी बंद केली आहे."

"ठाऊक आहे मला," मामी म्हणाल्या, आणि काच दोन बोटे उघडली.

"थंडी वाजेल."

"वाजू दे." त्यांनी पाण्याची पिशवी घोंगडीखालून मामांच्या मांडीकडे सरकवली. वळण आले. मामांनी दुसरा गियर टाकला.